क अधिक क अधिक एक

५ जानेवारी

मामा,

फोनच करणार होते, पण फोनवर आपलं बोलणं म्हणजे मी "ऐकू येतंय का?" आणि तू "काय?", याच्या पुढे गाडी सरकत नाही. जन्मभर लिफ्टच्या मशीनखोल्यांत उभं राहून कानांची वाट लावून घेतलीस, आता भोग. म्हणून पत्र. शिवाय काम असं आहे की तुझ्याशिवाय कुणाला जमणारच नाही, तेव्हा मामीला चहा टाकायला सांग आणि नीट बसून वाच.

माझा तिसरीचा वर्ग यंदा पार डोक्यावर पडलेला आहे. हे मी कौतुकाने सांगतेय. मध्यंतरी मी फळ्यावर सहज लिहिलं, ८ + ३ = ३ + ८, खरं की खोटं? सगळे ओरडले, खरं! त्यात आमचा भोंगा (त्याचा आवाज शेजारच्या वर्गाला फुकट मिळतो) म्हणाला, "बाई, हे कुठल्याही दोन आकड्यांना चालतं!" मी म्हटलं, कुठल्याही? मग सगळे लिहून दाखव बघू. गडी खरंच लिहायला लागला! अख्खा फळा भरला, मनगट दुखायला लागलं, तेव्हा रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, एकदाच लिहून टाकायची काही सोय नाही का?"

मामा, या एका प्रश्नासाठी मी वर्षानुवर्षं टपून बसले होते. तिथल्या तिथे त्याला उचलून फिरवावंसं वाटलं, पण वजनदार आहे.

सोय केली. आधी चौकोन आणि गोल काढून पाहिले, पण भोंग्याचे गोलसुद्धा चौकोनी येतात. मग अक्षरं घ्यायचं ठरलं आणि असं भांडण पेटलं की विचारू नकोस. प्रत्येकाला आपल्याच नावाचं अक्षर हवं. शेवटी क आणि ख घेतले, कारण त्या अक्षरांचं वर्गात कुणीच नाही. क म्हणजे कुठलाही आकडा, ख म्हणजेही कुठलाही आकडा. क + ख = ख + क. पोरांनी बाकं बडवून शाळा डोक्यावर घेतली.

तेव्हापासून आमचा खेळ सुरू आहे. कुणाला नियम सुचला की तो कागदावर लिहून मागच्या भिंतीवर लावायचा. मग ज्याला वाटेल त्याने तो फोडून दाखवायचा. एक जरी आकडा नियमाबाहेर निघाला की "फुटला!" असा गजर, कागद खाली, आणि फोडणाऱ्याला दिवसभर फळा पुसायला मिळतो. आठ वर्षांच्या माणसाला याहून मोठा मान जगात नाही.

अडचण एवढीच की ही पोरं स्वतःच्या नियमांचे फार लाड करतात. दोन आणि तीन घालून बघतात, झालं, पास! मला पाहिजे कुणीतरी खडूस. लिफ्ट पास करायच्या आधी तिच्यात वाळूच्या गोण्या भरून "आता तुटतेस का बघतो" म्हणत उभा राहणारा माणूस मला एकच माहीत आहे. दोन नियम पाठवते. पहिला, क + ० = क. दुसरा भोंग्याचा लाडका, 'गुणलं की आकडा वाढतो'. घे ताणून.

आणि एक जरा जड गोष्ट. वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला ठिपकी म्हणतात, तीही स्वतःला तेच म्हणते. आकडा दिसला की ती ठिपके काढते. बेरीज दिली की इकडचे ठिपके, तिकडचे ठिपके, मग मोजणं, मग मध्येच चुकणं, मग पहिल्यापासून मोजणं, तोवर घंटा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बजावलंय की महिनाअखेर बेरीज जमली नाही तर पोरीला परत दुसरीत बसवायचं. मामा, दुसरीत तिचा धाकटा भाऊ आहे. त्याच्या शेजारच्या बाकावर! हे कानावर गेल्यापासून ती तोंडच उघडत नाही.

तुझी भाची


११ जानेवारी

बाईसाहेब,

पत्र पोचलं. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला तपासायला काहीतरी दिलंय. घरातलं सगळं तपासून संपलं. कपड्यांची दोरी किती ओल्या चादरी पेलते ते पाहिलं, बादलीची कडी किती सोसते ते पाहिलं, आणि मामी किती सोसते तेही परवा समजलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं क म्हणजे केळी. क अधिक ख म्हणजे केळी अधिक खजूर. मी मामीला म्हटलं, पोरगी शाळेत फळांचं दुकान काढून बसली! मामी म्हणाली, "अहो, तिने सरळ लिहिलंय, कुठलाही आकडा. केळी कुठून आणलीत मध्येच?" बरं बाबा, कुठलाही तर कुठलाही. पण मला सांग, क पण कुठलाही आणि ख पण कुठलाही, तर दोघं एकच निघाले तर? क पण नऊ आणि ख पण नऊ? एका माणसाची दोन नावं? आमच्या खात्यात असं झालं असतं तर चौकशी लागली असती. खुलासा पाठव.

आता तपासणी. क + ० = क या नियमावर मी सबंध दुपार घालवली. लहान आकडा घातला, मोठा घातला, लाखाच्या पुढचे घातले. ढिम्म हलत नाही. पास.

दुसरा मात्र कच्चा माल आहे. गुणलं की वाढतो म्हणे! सहा गुणिले एक. किती? सहा. कुठे वाढला? आणि सहा गुणिले शून्य केलं तर होते तेही गेले! भोंग्याला माझ्याकडून सांग, तुझा नियम पहिल्या मजल्यावरच अडकला. वाईट वाटून घेऊ नकोस म्हणावं, मी चांगल्या चांगल्या इंजिनिअरांना रडवलंय.

त्या ठिपकीचं वाचून मात्र चहा गोड लागला नाही. धाकट्या भावाच्या शेजारी? हे काय वागणं झालं? काहीतरी कर गं.

तुझा मामा

ता. क. मी मामी लिहितेय. तुझे उपकार झाले. दोन दिवस झाले, यांनी एकाही खुर्चीवर उडी मारलेली नाही. आणखी नियम पाठव.


१८ जानेवारी

मामा, मामा, मामा!

काय सांगू आणि काय नको असं झालंय. तुझं पत्र वर्गात वाचलं. "पहिल्या मजल्यावरच अडकला" म्हटल्यावर सगळे इतके खिदळले की भोंगाही स्वतःवरच हसत खाली बसला. "फुटला!" असा काही गजर झाला की शिपाईकाका काय झालं म्हणून धावत आले. फळा पुसायचा मान तुझा, पण तू नाहीस म्हणून तुझ्या नावाने भोंग्यानेच पुसला. आता तू वर्गाचा अधिकृत 'तपासनीस मामा' आहेस. मी काही सांगितलं तर "कशावरून?" विचारतात, आणि तू लिहिलंस की संपलं. जळते मी.

तुझा खुलासा. क आणि ख सारखे निघाले तर खुशाल निघू देत. दोन्ही डब्यांवर वेगवेगळी नावं असली तरी आत एकच भाजी असू शकते ना? मात्र एका नियमात दोनदा क लिहिला तर दोन्हीकडे तोच आकडा हवा, तिथे चालूगिरी नाही. हे तुला सांगायला मला अर्धं पान लागलं, पोरांना एका वाक्यात कळलं.

आता खरी बातमी. ठिपकी बोलली!

आम्ही सम आणि विषम आकडे करत होतो. सगळे पाढ्यासारखं म्हणत होते, दोन, चार, सहा. ही आपली ठिपके काढत होती. मी वाकून पाहिलं तर दोन सारख्या रांगा, वर तीन, खाली तीन, आणि कडेला एक. मी विचारलं, हा कोण? म्हणाली, "हा एकटा उरलाय. सातात एकटा उरतो." मग अकराचं चित्र, वर पाच, खाली पाच, एक एकटा. मी म्हटलं, आणि सत्तावन्नचं? तर पोरगी काय म्हणाली माहितेय? "ते कशाला काढायचं? दोन सारख्या रांगा आणि एक एकटा. रांग कितीची का असेना."

कितीची का असेना! मामा, माझ्या हातातला खडू पडला. मी म्हटलं, "कितीची का असेना" हे लिहायचं कसं? तिने भिंतीकडे पाहिलं, फळ्याशी गेली आणि लिहिलं, क + क + १. वरची रांग क, खालची रांग क, आणि तो एकटा.

मग ती थांबेचना. म्हणाली, आता असा दुसरा कुठलाही आकडा घ्या. आमचा शंकासुर लगेच उठला, "त्यालाही क + क + १ च लिही की." ती म्हणाली, "मग दोघांच्या रांगा सारख्याच झाल्या ना! मला कुठलेही दोन पाहिजेत." आणि लिहिलं, ख + ख + १. मग दोन्ही एकत्र केले. वरच्या रांगेत क आणि ख, खालच्या रांगेत क आणि ख, आणि ते दोन एकटे? "ते एकमेकांना भेटले. एक वर गेला, एक खाली. आता एकटा कुणीच नाही." वर क + ख + १, खाली क + ख + १. विषम अधिक विषम, उत्तर कायम सम!

महिनाभर ज्या पोरीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ती फळ्यासमोर हात नाचवत बोलत होती. मी तर नाचायचीच बाकी होते. थोडी नाचलेही.

नियम भिंतीवर लागलाय, पण ती म्हणते, तपासनीस मामांनी तपासल्याशिवाय पक्का नाही. तेव्हा दे वजन. महिनाअखेरीला मोठ्या बाई वर्ग बघायला येणार आहेत, तेव्हा तिला हाच नियम समजावून सांगायला उभी करणार आहे. हा ऐकून कुणाची छाती होते तिला दुसरीत पाठवायची ते बघतेच!

तुझी (चक्रम झालेली) भाची


२४ जानेवारी

तमाम तिसरीला तपासनीस मामांचा सलाम, आणि बाकांना घट्ट धरून बसा!

नियम: विषम अधिक विषम, उत्तर कायम सम. मी तीन दिवस याच्या मागे होतो. लहान आकड्यांनी दाद दिली नाही. मग विचार केला, लिफ्टसुद्धा रिकामी असताना कधी तुटत नाही, भार पाहिजे. घेतले दोन तगडे.

४६८७ + २९७५ = ७६६१

दोन्ही विषम. उत्तराच्या शेवटी एक. म्हणजे उत्तर विषम! फुटला! फुटला! फुटला!

मी घरात एवढ्याने ओरडलो की मामीच्या हातून पातेलं निसटलं. तीस वर्षं काम केलं, पण इतका देखणा नियम मोडायची मजा कधी आली नव्हती. ठिपकीबाई, नियम फार सुंदर होता, मान गए! पण सुंदर लिफ्टसुद्धा पडतात. नवा नियम पाठवा, मी दबा धरून बसलोय.

तुमचा तपासनीस मामा


२९ जानेवारी

मामा,

काय केलंस हे!

सात आणि पाच किती होतात? बारा! शेवटी दोन येतात. तुझी बेरीज चुकली आहे. ७६६२. सम. नियम ठणठणीत आहे, फुटलाय तो तुझा हिशेब!

आणि मी तुझ्याहून मोठी मूर्ख. तू तपासलंस म्हणजे झालं, मी पडताळूनही पाहिलं नाही. पत्र नेमकं आज आलं, मोठ्या बाई येणार त्याच दिवशी. मी पाकीट फोडलं ते वर्गातच आणि मोठ्याने वाचत सुटले. "फुटला!" म्हटल्यावर जो हल्लकल्लोळ झाला! शंकासुर खुर्चीवर चढून नियम काढायला गेला. आणि ठिपकी उठली, भिंतीशी गेली आणि कागदावर पाठ टेकून उभी राहिली. म्हणाली, "मामांचं चुकलंय."

सगळे हसले. भोंगा म्हणाला, "तुला बेरीज येते तरी का?" ती म्हणाली, "नाही येत. पण त्यांचं चुकलंय." मी, मामा, मी काय म्हटलं असेल? "असू दे गं, आपण नवीन नियम शोधू." माझ्या तोंडाला काय झालं होतं कोण जाणे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकट्याला एकटा भेटला ना, बाई? मग एकटा उरतो कोण? दाखवा."

आणि दारात मोठ्या बाई. त्यांनी पाहिलं ते असं: वर्ग बोंबलतोय, एक पोरगा खुर्चीवर, आणि जिला बेरीज येत नाही ती पोरगी मोठ्यांची बेरीज चूक ठरवत भिंत अडवून उभी आहे. किल्ल्यांचा जुडगा वाजवत निघून गेल्या.

मधल्या सुट्टीत मी स्वतः बेरीज केली, तर ७६६२. धावत त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, बाई, मुलगीच बरोबर होती! त्या म्हणाल्या, "बेरीज तुम्ही केलीत, तिने नाही. तिने नुसता अंदाज ठोकला. सम की विषम, दोनांतलं एक लागायचंच." मी म्हटलं, तिला बेरीज न करता कळलं होतं! "बेरीज न करता बेरीज कळते, असं आपल्याकडे अजून तरी शिकवत नाहीत," म्हणाल्या. येत्या शुक्रवारी तिच्या वडिलांना बोलावलंय. सोमवारपासून दुसरी.

वर्गात जाऊन सगळ्यांसमोर मी तिची माफी मागितली. सगळ्यांनी आपापल्या वहीत बेरीज करून पाहिली आणि भोंग्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण ती परत मिटली ती मिटलीच. मामा, मला तुझा भयंकर राग आलाय आणि माझाही. ताबडतोब लिही. मला नाही, तिला.

भाची


२ फेब्रुवारी

ठिपकीबाई यांस,

मी तपासनीस मामा. मी तुम्हाला अहो-जाहो करतोय, कारण ज्याची चूक आपण काढू शकलो नाही आणि ज्याने आपली काढली, त्याला अरे-तुरे करायचं नसतं.

माझी बेरीज चुकली. सात आणि पाच मी अकरा केले. चुकलो ते चुकलो, पण त्याहून वाईट हे, की मला जे उत्तर हवं होतं तेच आलं म्हणून मी पुन्हा बघितलंच नाही. नोकरीत असं वागलो असतो तर लोक लिफ्टमध्ये बसायचे बंद झाले असते.

बाईंचं पत्र आल्यावर मी मामीचा बटणांचा डबा आणला आणि तुमच्यासारख्या रांगा लावल्या. वर काही, खाली तितकीच, एक एकटं. शेजारी दुसरा ढीग तसाच. तुम्ही विचारलं होतंत, एकटा उरतो कोण, दाखवा. मी शोधला. डब्यातली सगळी बटणं वापरून शोधला, मामीच्या कोटाची दोन उसवून शोधला. नाही सापडला, आणि सापडणारही नाही, हे मला आता बटणं न मांडताही कळतंय.

म्हणून माझा निकाल असा: नियमाला वजन दिलं. नियम तुटला नाही. मामा तुटला. नियम कायमचा पास. यापुढे कुणी, अगदी मी जरी म्हटलं की फुटला, तरी तुम्ही भिंतीपासून हलायचं नाही.

तुमचा,
नापास मामा

ता. क. बाळ, मी मामी. यांचा चष्मा कितपत दणकट आहे ते तपासताना तुटला होता. ती बेरीज यांनी चष्म्याशिवाय केली आणि पाच म्हणून लिहिलेलं चार म्हणून वाचलं. मला विचारायचं काही यांना सुचलं नाही. तू मात्र जेवून-खाऊन खुशाल राहा, आणि कुणी काही म्हटलं तर म्हणू दे.


८ फेब्रुवारी

मामा,

बसलायस ना? मामीलाही बोलाव. दोघं मिळून वाचा, मला दोनदा सांगायचा दम नाही.

तुझं पत्र ठिपकीने स्वतः वर्गात वाचून दाखवलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. "मामा तुटला" ला वर्ग कोसळला. ती मात्र शहाण्यासारखी घडी घालून ते पत्र दप्तरात ठेवून मोकळी. मला वाटलं होतं तिला भरून येईल, आनंद होईल. तर म्हणाली, "बरं झालं, मामांना पण कळलं." बस, एवढंच!

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही चौघं. मोठ्या बाई टेबलापलीकडे. तिचे वडील बस चालवतात, ते ड्यूटीवरून तसेच आलेले, टोपी हातात चुरगाळत उभे. मी दाराशी. आणि मध्ये ती, टेबलाच्या वर जेमतेम डोकं.

मी आल्या आल्या तुझं पत्र पुढे केलं. मोठ्या बाईंनी वाचलं आणि तिला विचारलं, "मामांनी लिहिलं म्हणून तुला खात्री झाली का?" ती म्हणाली, "नाही. ते चुकले तेव्हापण होती."

मोठ्या बाईंनी कागद घेतला. "तीनशे एकोणसाठ आणि चारशे सदुसष्ट. किती?" ठिपकी म्हणाली, "माहीत नाही." वडिलांनी मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, "पण सम आहे." मोठ्या बाईंनी बेरीज केली. आठशे सव्वीस. "लागला अंदाज," म्हणाल्या. दुसरी घातली. "माहीत नाही. सम आहे." तिसरी घातली, आणि या वेळी गुपचूप त्यातला एक आकडा सम ठेवला. पोरगी लगेच, "हा नाही चालणार. यात एकच एकटा आहे, त्याला भेटायला कुणी नाही. हे विषम येईल." आलंच!

मोठ्या बाईंची पेन्सिल थांबली. "तुला एक बेरीज करता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग नव्हता, "मग हे कळतं कसं?"

ती टेबलाला वळसा घालून थेट त्यांच्या खुर्चीशी गेली! अरे, त्या बाजूला आम्ही शिक्षकही जात नाही! त्यांच्या कागदावर तिने लिहिलं, क + क + १. खाली, ख + ख + १. मग म्हणाली, "बाई, हा क तुम्ही घ्या. तुमच्या मनात. मला सांगू नका. आणि ख पण. पाहिजे तेवढा मोठा घ्या. सांगू नका हं!"

मामा, मोठ्या बाईंनी डोळे मिटले. शप्पथ! ओठ पुटपुटत होते, बोटं टेबलावर हलत होती. टोपी चुरगाळायची सोडून वडिलांनीही डोळे मिटले. मीही मिटले, काय करणार, एवढी गंमत कोण सोडेल! खोलीत तीन मोठी माणसं डोळे मिटून बेरजा करतायत आणि एक आठ वर्षांची पोरगी आम्हाला बघत उभी.

"झालं?" तिने विचारलं. "सम आलं ना?"

"आलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझंपण आलं," वडील म्हणाले.

मोठ्या बाईंनी लगेच परत डोळे मिटले. पुन्हा दुसरे आकडे. "आलं." पुन्हा तिसरे. त्यांना नादच लागला! चौथ्यांदा डोळे मिटायला लागल्या तेव्हा ठिपकी न राहवून म्हणाली, "बाई, अजून किती घेणार? ते संपत नाहीत. आणि मला डबा खायचाय."

मोठ्या बाई हसल्या. मामा, मी या शाळेत आल्यापासून ती बाई हसलेली पाहिली नव्हती. चांगल्या पोट धरून हसल्या, किल्ल्यांचा जुडगा मांडीवरून खाली पडला तरी हसतच होत्या. मग डोळे पुसून वडिलांना म्हणाल्या, "बेरीज तिला शिकावीच लागेल, ती मी स्वतः शिकवीन, रोज डबा खाल्ल्यावर. पण बसेल ती तिसरीतच. हिला दुसरीत बसवायचं म्हणजे मला पण परत कुठेतरी बसावं लागेल."

वडिलांनी हात जोडून नमस्कार केला, मोठ्या बाईंना नाही, त्या कागदाला. मला रडू कोसळलं. मी उघडउघड रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

बाहेर वऱ्हांड्यात अख्खा वर्ग नळांमागे दबा धरून बसला होता. मी मान हलवली मात्र, भोंग्याने अशी आरोळी ठोकली की सगळ्या वर्गांतून डोकी बाहेर आली. ठिपकी माझा हात धरून चालत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाई, मोठ्या बाईंनी कुठले आकडे घेतले होते हो मनात?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"मलापण नाही माहीत!" ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. "कुणालाच नाही माहीत, आणि तरी मला उत्तर माहीत होतं!" मग ती जी हसत सुटली ती वऱ्हांडाभर हसत, उड्या मारत, माझा हात सोडून पळाली, आणि तिच्यामागे अख्खी तिसरी पळाली.

तुझी भाची